तायडेसाहेबांची रुजवात

आमच्या दारावरचं तोरण प्लॅस्टिकचं आहे ही गोष्ट आम्ही कधी लपवली नव्हती. मिरवलीही नव्हती. पण एके सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर तोरणाच्या मधल्या पानावर जांभळ्या शाईत ठसठशीत शिक्का उमटलेला: नक्कल.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नक्कलच होतं. शेजारच्या दारात, नुकतेच राहायला आलेले गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात अजून ओला असलेला शिक्का.

"आपल्याला विचारायला पाहिजे होतं, वहिनी," ते म्हणाले. "पण लांबून ही आंब्याची पानं वाटतात. माणसाची फसगत होते."

"कोणाची झाली?"

"माझी. काल येता-जाता मी वास घेत होतो."

माझं माहेर सदाशिव पेठेतलं. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असता तर दुपारपर्यंत माझ्या दारावर त्याच्या नावाची चार ओळींची पाटी लागली असती. पण 'वास घेत होतो' म्हणणाऱ्या माणसाला काय बोलणार? चहाला बोलावलं. चहात साखरेऐवजी गोळी आहे हे कळल्यावर त्यांनी कपाकडे आणि मग खिशातल्या शिक्क्याकडे पाहिलं. मी कप लगेच उचलून आत नेला.

तर हे आमचे वासुदेव तायडे. मूळचे अकोल्याकडचे. उभी नोकरी पुण्यात, एका सरकारी कचेरीच्या नकला विभागात. लोकांना जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला लागतात, त्या करून द्यायच्या, मूळ कागदाशी ताडून पाहायच्या, आणि मग शिक्का मारायचा: 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल'. या ताडून पाहण्याला त्यांच्याकडे रुजवात म्हणतात. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून "आहे... आहे..." म्हणत जायचं. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात. तायडेसाहेब रुजवात घेऊन आले.

किराणा घरपोच आला की ते मला हाक मारायचे. मी यादी वाचायची.

"तूरडाळ."

"आहे."

"शेंगदाणे."

"आहे."

"साबण, निळा."

"साबण आहे, हिरवा आहे. वहिनी, इथं शेरा मारावा लागेल."

शिक्क्याबद्दल मी एकदा खोचकपणे विचारलं, सरकारी मालमत्ता घरी कशी काय आली? त्यांनी कानाला हात लावला. "सरकारी शिक्का घरी आणणं गुन्हा आहे. हा मी बाहेरून करून घेतला. म्हणजे हासुद्धा..." त्यांनी शिक्का उलटा करून दाखवला. मुठीवर बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं: नक्कल. शिक्क्यावर त्याचाच शिक्का मारता येत नाही, याची त्यांना मनापासून खंत होती.

बोलणं एरवी कचेरीतलं, शुद्ध, 'आपण', 'कृपया' वगैरे. चिडले किंवा हलले की मात्र आतून वऱ्हाड बाहेर यायचं. "काहून?" ऐकू आलं की समजावं, गाडी अकोल्याला पोचली.

आता खरी गोष्ट. तायडेसाहेबांच्या हॉलमध्ये सोफा नाही. भिंतभर काचेची कपाटं आणि त्यांत व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. तुमच्या घरी पोरं त्या काळात वाढली असतील तर आठवेल, टीव्हीला डबा जोडायचा, त्यात कॅसेट खुपसायची, चालली नाही की बाहेर काढून फूं करून फुंकायची. तायडेसाहेबांकडे फुंकायला सक्त मनाई. कपाटावरच लिहिलंय: 'फुंकू नये. थुंकी जाते.' कापूस आणि स्पिरिट घेऊन ते प्रत्येक कॅसेटीचं तोंड तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं पुसतात.

कपाटांचे त्यांनी तीन वर्ग पाडलेत. पहिल्यात अस्सल, म्हणजे मूळ जपानी कंपन्यांच्या. हे कपाट लहान. दुसऱ्यात 'बाजारनक्कल', म्हणजे आपल्याकडे गल्लोगल्ली मिळायच्या त्या पिवळ्या कॅसेटी, ज्यांच्यावर चित्र विमानाचं आणि आत खेळ मासे पकडायचा. तिसऱ्या कपाटात हल्लीच्या हौशी मंडळींनी बनवलेल्या. नवी पोरं त्यांना 'रिप्रो' म्हणतात. जुना दुर्मिळ खेळ मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग कुणीतरी तो नव्या चिपवर उतरवतं, नवं लेबल छापतं, आणि हुबेहूब कॅसेट तयार. तायडेसाहेब स्वतःसुद्धा बनवतात. चष्म्यावर भिंग लावून, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून सोल्डरिंगचे डाग देतात. पण बनवल्याबरोबर शिक्का. आणि एक नियम त्याहून कडक: रिप्रो करण्यासाठी जुनी अस्सल कॅसेट फोडायची नाही.

"काही लोक स्वस्तातली अस्सल घेतात, आतलं काढून फेकतात आणि त्या डब्यात महागड्या खेळाची नक्कल भरतात," ते मला म्हणाले. आवाज असा, जणू शेजारच्या गल्लीत खून झालाय. "एकाचा सातबारा फाडून त्या कागदावर दुसऱ्याचा सातबारा लिहायचा का, वहिनी?"

मी म्हटलं, मुळीच नाही.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल मलाही एके काळी फार गर्व होता. बँकेत होते मी, चेकवरच्या सह्या ताडायच्या खुर्चीवर. तेव्हाची मी म्हणजे काय सांगावं: बारीक कंबर, अबोलीचा गजरा, आणि भूतलावरची कुठलीही खोटी वस्तू आपल्यापासून लपू शकत नाही असा समज. त्याच सुमारास प्रदर्शनातून एक 'अस्सल पैठणी' आणली आणि पुढची कित्येक लग्नं मी बायकांना कोपऱ्यात घेऊन पदराची उलटी बाजू दाखवत, खरी पैठणी कशी ओळखावी यावर व्याख्यान देत फिरले. शेवटी लाँड्रीवाल्याने ती धुऊन परत दिली तेव्हा तिला चिठ्ठी टाचलेली होती: 'पॉलिस्टर'. ती साडी अजून कपाटात आहे. तायडेसाहेबांना दाखवलेली नाही. नेसलेली असताना शिक्का मारतील अशी भीती वाटते.

त्याच तेव्हाच्या मीने महिला मंडळात 'व्हिडिओ गेम: घराघरातला राक्षस' असं घणाघाती भाषण ठोकलं होतं. टाळ्या पडल्या. घरी येऊन पातळ बदललं आणि मुलगा शाळेत होता म्हणून 'छत्रीवाला बेडूक' लावून बसले. एक हिरवा बेडूक, हातात लाल छत्री. उडी मारली की छत्री उघडायची आणि खड्ड्यावरून तरंगत जायचं. मी पहिल्याच खड्ड्यात पडायचे. रोज. बटाटे कुकरला लागायचे, बेडूक खड्ड्यात, आणि राक्षसाला शिव्या देणारी मी घामाघूम.

हे मी तायडेसाहेबांना गंमत म्हणून सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच.

"बेडूक होता आपल्याकडे? आपण पुलापर्यंत गेला होता?"

"अहो, मी खड्ड्याच्या पलीकडे गेले नाही. कसला पूल?"

"आपले चिरंजीव गेले असतील."

चिरंजिवांना फोन लावला. चिरंजीव म्हणाले, "आई, तू मला खेळू कधी दिलंस?"

कॅसेट कुठे गेली तेही त्याला माहीत नव्हतं. तायडेसाहेब हळूहळू खाली बसले. मला तेव्हा कळलं, ही तीन कपाटं, जुन्या बाजारातल्या रविवारच्या चकरा, चादरीवर मांडलेल्या भंगारात उकिडवं बसून उलथापालथ करणं, सगळं एका पुलासाठी चाललंय. या माणसाला छत्रीवाल्या बेडकाच्या खेळातला पूल बघायचा होता. आणि पंचाईत अशी, की पहिल्या कपाटात अस्सल जपानी बेडूक होता, तायडेसाहेबांनी तो नेटाने शेवटपर्यंत खेळला होता, आणि त्यात पूल नव्हता. शेवटी तळं लागतं. तळ्यात कमळ. कमळावर बेडूक बसतो, समाप्त.

"पूल नाहीचे, काका," सायली म्हणाली.

सायली म्हणजे खराडीच्या आयटी कंपनीतली मुलगी, तिशीतली, या छंदातली तायडेसाहेबांची सगळ्यात आवडती भांडखोर. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये या मंडळींचा मेळा भरतो. कॅसेटी मांडतात, बदलतात, वाद घालतात. मी उपमा घेऊन जाते आणि सगळं ऐकते.

"मी तो गेम तीनदा कम्प्लीट केलाय," सायली म्हणाली. "पॉण्ड इज द एण्ड. कोणी सांगितलं तुम्हाला पूल आहे म्हणून?"

"साक्षीदार आहे."

"कोण?"

"साक्षीदार सध्या उपलब्ध नाही," तायडेसाहेब म्हणाले आणि कापसाला स्पिरिट लावू लागले.

त्यांचं आणि सायलीचं जुंपायचं ते रिप्रोवरून. ती म्हणायची, "काका, ज्या कंपनीने गेम काढला ती कधीच बंद पडली. जुना माल कोणी लाख रुपयांना विकणार आणि आम्ही काचेतून बघत बसायचं? रिप्रो केला तर कुणाचं काय गेलं?"

"नक्कल करणं गुन्हा नाही, बाई. माझा संसार झाला त्याच्यावर. नक्कल आहे हे न सांगणं गुन्हा. तू आज प्रामाणिक आहेस. उद्या तू ती कुणाला देशील, तो तिसऱ्याला अस्सल म्हणून विकेल. म्हणून जन्मतःच शिक्का पाहिजे."

"लेबल खराब होतं ना पण!"

"होऊ दे. नियत साफ राहते."

आणि मग तो रविवार आला. सायलीने पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. भोवती सगळे जमले. फार दुर्मिळ काहीतरी होतं, पोरं श्वास रोखून बघत होती. तायडेसाहेबांनी ती उचलली, उलटी केली. अस्सल कॅसेटीला म्हणे खास खाचेचे स्क्रू असतात, साध्या पेचकसाने उघडत नाहीत. या कॅसेटीला एक स्क्रू साधा होता.

"शिक्का मारायचा राहिला तुझा," ते म्हणाले.

सायली तिकडे माझ्याकडून उपम्याची बशी घेत होती. "काय काका?" म्हणून ती वळेपर्यंत ठप्प आवाज झाला होता.

लेबलवर, अगदी मधोमध, जांभळ्या शाईत: नक्कल.

सायलीने बशी ठेवली. कॅसेट हातात घेतली. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "काका, ही ओरिजिनल आहे. एक स्क्रू आधीच्या मालकाने हरवला होता. तुम्ही विचारायचं तरी."

कुणीतरी कॅसेट उघडून आतली पट्टी दाखवली. अस्सल होती. तायडेसाहेबांनी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, पुसायला गेले, आणि थांबले. न पुसणारी शाई त्यांनी स्वतः शोधून आणली होती.

"मी रुजवात नाही केली," ते म्हणाले. "रुजवात न करता शिक्का मारला." हे ते सायलीला म्हणाले नाहीत, मलाही नाही. मग उठले आणि चपला तिथेच टाकून अनवाणी घरी गेले.

त्यानंतर शेजारचं दार बंद राहू लागलं. किराणा आला तरी हाक नाही. सुट्टीला आलेली माझी नात म्हणाली, "आजी, तायडेआजोबा 'आहे आहे' का नाही करत?" भिंतीपलीकडून फक्त रविवारचा फोन ऐकू यायचा. तो आधीपासूनच यायचा, दुपारी जेवणाच्या आधी, नागपूरहून, मुलीचा. बायकोही तिथेच असते, नातवंडं सांभाळायला. आमच्या भिंती बिल्डरने मन लावून पातळ बांधल्यात, त्यामुळे तो फोन मला पाठ होता. "हो. हो. जेवायचंय. घेतली गोळी. आई बरी आहे? बरं. हो. ठेवतो." नागपूर-पुणे अंतर पार करून आलेला तो फोन, इकडे चहा उकळायच्या आत संपायचा.

शेवटी मीच त्यांच्या चपला घेऊन गेले. निमित्त चांगलं होतं. दार उघडलं. दाढी वाढलेली. टेबलावर शिक्का, रबर वर करून.

"हा आपण ठेवा, वहिनी," ते म्हणाले. "माझा अधिकार राहिला नाही."

"ठेवते. पण एका अटीवर. साक्षीदार कोण ते सांगा."

मी वाईट आहे, मला ठाऊक आहे. माणूस खचलेला असताना त्याच्याकडून गुपित काढू नये. पण तो धडधाकट असताना ते मिळत नाही.

तायडेसाहेबांनी चपला पायात घातल्या, घरातल्या घरात, आणि सांगितलं.

नोकरी पुण्यात, पण म्हातारी आई अकोल्याला, म्हणून बायको-मुलगी अकोल्याला. बदली मागत राहिले, मिळाली नाही. कर्वे रोडवर एका खोलीत एकटे. दिवाळीला जाताना मुलीसाठी, रश्मीसाठी, व्हिडिओ गेम नेला आणि एक पिवळी कॅसेट. दोन दिवस राहून परत. मग दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन. काचेच्या खोक्यात उभं राहायचं, डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर पळत असायचं. आधी आईच्या गुडघ्यांचं, मग शाळेच्या फीचं, मग घरमालकाचं. सगळ्यात शेवटी रिसीव्हर रश्मीकडे.

"तिचं एकच. बाबा, मी बेडकाला तळ्यापाशी नेलं. बाबा, तळं पार केलं. आणि एका रविवारी म्हणाली, बाबा, मी पुलावर पोचले! पुलावर ना..." तायडेसाहेब थांबले. "मीटर पाहिलं मी. म्हटलं, बाकीचं पुढच्या रविवारी सांगजो, माय. ठेवला. पुढच्या रविवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी काही दुसरंच निघालं. मग राहूनच गेलं. ती कॅसेटही पुढे घर बदलताना कुठं गेली."

"आता विचारा की तिला."

"विचारलं ना. मागच्या वर्षी. म्हणाली, कोणता पूल, बाबा? असं काही नव्हतं." ते शिक्क्याकडे बघत राहिले. "पण होतं, वहिनी. पोरगी खोटं नव्हती बोलत. मी खेळून नाही राहिलो, मी शोधून राहिलो. तिच्या सगळ्या दुपारी तिकडं गेल्या अन् मी इकडं नकला मारत होतो. एक दुपार तरी पाहू द्या मले."

हे गुपित मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त सायलीला फोन केला.

सायलीचा राग पुरता गेला नव्हता, तो काही तिचा दोष नाही. मग एकदम म्हणाली, "काकू, दिवाळीला काकांनी नेली ती पिवळी होती ना? म्हणजे बूटलेग! ओरिजिनलमध्ये पूल नसणारच! बाजारवाले कॉपी करताना दुसऱ्या गेमचे तुकडे चिकटवायचे मध्येच. काका अस्सल गेमात पूल शोधतायत, आणि पूल फक्त नकलेत आहे!"

मी तिला म्हटलं, हे वाक्य त्यांना फोनवर सांगू नकोस, बसायला खुर्ची जवळ असू दे.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. आपल्या शिक्का मारलेल्या कॅसेटीचा फोटो तिने वैतागून या छंदवाल्यांच्या एका जागतिक गटावर टाकला होता. जगभरच्या लोकांना तो जांभळा शिक्का भलताच आवडला. हा काय भारतातल्या कंपनीचा दुर्मिळ ठसा आहे का, म्हणून विचारणा होऊ लागली. तिने आता खाली बेडकाची चौकशी जोडली. पोलंडमधल्या एका माणसाने उत्तर दिलं. तिकडेही बाजारात त्याच पिवळ्या कॅसेटी यायच्या. त्याच्याकडे बेडूक होता. पूल? हो, आहे की. कॅसेट देणार नाही म्हणाला, बहिणीची आहे. पण आतला खेळ उतरवून पाठवतो. मोबदला काय, तर त्याच्या एका कॅसेटीवर तो शिक्का मारून पाहिजे.

म्हणजे तायडेसाहेबांनी आयुष्यात एकदाच रुजवातीशिवाय मारलेल्या शिक्क्याने पूल सापडला. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. एकदाच बोलले. फार तर दोनदा.

रविवारी सकाळी सायली आणि मी त्यांच्या दारात उभ्या राहिलो. तिच्या हातात पिवळी कॅसेट. कोरं प्लॅस्टिक, नवी चिप, कुठलीही जुनी न फोडता बनवलेली. लेबलवर लाल छत्रीवाला बेडूक, आणि उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन.

"हे कशाला?" तायडेसाहेबांनी चौकोनावर बोट ठेवलं.

"तुमच्या शिक्क्याला जागा सोडलीय, काका. लेबल खराब नको."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो लगेच काढून कापूस शोधायला गेले. मी पदराखालून शिक्का काढून टेबलावर ठेवला. माझी जप्ती उठली.

खेळ सुरू झाला. तायडेसाहेब सतरंजीवर मांडी घालून, पाठ ताठ, बेडकाने उडी मारली की स्वतःही थोडे उचलले जात होते. पहिला खड्डा त्यांनी सहज पार केला तेव्हा मला थोडा मत्सर वाटला. रान गेलं, दलदल गेली, तळं आलं. कमळ आलं. अस्सल खेळ इथं संपतो. बेडूक कमळावर बसला, क्षणभर पडदा काळा झाला, आणि एक वेगळीच, बेसूर, पिपाणीसारखी धून वाजू लागली. समोर दोरांचा पूल होता.

"काका!" सायली ओरडली. "पुढे जा ना!"

ते हललेच नाहीत. बेडूक पुलाच्या तोंडाशी उभा. तायडेसाहेब त्याच्याकडे बघत, बेडूक आमच्याकडे बघत. आणि फोन वाजला. रविवार, जेवणाच्या आधीची वेळ.

हातातलं सोडवेना, म्हणून त्यांनी मला खूण केली. मी फोन स्पीकरवर लावून त्यांच्या गुडघ्यापाशी ठेवला. ऐकायला बरं पडतं.

"बाबा, जेवलात का?"

"रश्मी, मी पुलावर आहो."

"कोणत्या पुलावर? बाबा, भर उन्हात कुठे गेलात तुम्ही? शेजारच्या काकू कुठे आहेत?"

"इथंच आहे गं," मी म्हटलं. "आम्ही सगळे पुलावरच आहोत."

"काय चाललंय तुमचं? आणि तो आवाज कसला..." ती थांबली. पिपाणी वाजतच होती. नागपुरात कुणीतरी मागे भांडं ठेवलं, तेही ऐकू आलं. "बाबा, हा आवाज... थांबा. थांबा. छत्री मिटलीय का?"

तायडेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "उघडी आहे."

"मिटा! तिथं वारा येतो. छत्री उघडी असली की पाडतो."

त्यांनी बटण दाबलं. छत्री मिटली.

"डावीकडे, पाण्यात कंदील आहे?" तिचा आवाज बदलला होता. आता तो गोळ्या विचारणारा नव्हता.

तायडेसाहेबांनी उजव्या हाताचं बोट पडद्याच्या दिशेने धरलं, नकलेवर धरायचे तसं. "आहे."

"पुढे एक फळी तुटलेली."

"आहे."

"तिथून उडी नाही मारायची, चालत जायचं. बाबा, पुलावर ना, पलीकडून एक मोठा बेडूक येतो. हातात बॅग घेऊन. येतोय का?"

धुक्यातून काहीतरी हलत होतं. हिरवं, मोठं, हातात चौकोनी काहीतरी.

"आहे," तायडेसाहेब म्हणाले. "येऊन राहिला."

"आणि मग दोघं तसेच उभे राहतात, गेम पुढे जातच नाही. मी बंद करायचेच नाही. आई ओरडायची, टीव्ही तापतो म्हणून, तर मी काय करायचे माहितीये..." ती भराभरा बोलायला लागली, शब्दावर शब्द चढू लागले.

"सावकाश सांग वं माय," तायडेसाहेब म्हणाले. "सगळं सांग. आता मीटर नाही."

मी सायलीच्या दंडाला धरलं आणि तिला बाहेर घेऊन आले. दार अलगद लोटलं. जिन्यात ती नाक ओढत म्हणाली, "काकू, पण शिक्का राहिला मारायचा."

भिंतीपलीकडून आवाज येत होता. "आहे... आहे..."

"थांब जरा," मी म्हटलं. "रुजवात चालू आहे."